महिपतच्या पोटाचा जाहीर निकाल

माणसाचं पोट हे त्याचं स्वतःचं असतं, ही समजूत शहरात खपून जाते. गावात तसं नसतं. गावात पोट ज्याच्या अंगावर असतं त्याला ते नुसतं सांभाळायला दिलेलं असतं. ते भरायचं कसं हे त्यानं पाहायचं, आणि बिघडलं की पुढचा कारभार गावानं पाहायचा. या व्यवस्थेमुळं आजारी माणसाला कधी एकटं वाटत नाही. (क्वचित कुणाला तसं वाटून घ्यावंसं वाटतं, पण सवड मिळत नाही.)

माजिवड्याच्या महिपतच्या पोटाचा कारभार १९५१ ते १९५४ या काळात ज्या शिस्तीनं चालला, त्या शिस्तीनं एखादं संस्थान चाललं असतं तर ते विलीन करायची पाळी आली नसती.

महिपत खाडीकडच्या मिठागरावर मुकादम होता. उधाणाचं पाणी केव्हा आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात केव्हा सोडायचं, मीठ केव्हा ओढायचं, हे त्याला पाण्याच्या रंगावरून कळे. वय चौतीस. वजन एकशे अठरा रत्तल. स्वभाव भिडस्त. हा शेवटचा तपशील आजाराच्या कुठल्याच कागदावर कधी नोंदला गेला नाही, आणि सगळ्यांत घातक तोच निघाला.

१९५१चा पावसाळा सरता सरता त्याच्या पोटात उजवीकडे, बेंबीच्या जरा खाली, पीळ पडू लागला. जेवला की पीळ. पीळ ओसरला की परसाकडे धाव. दिवसातून आठ वेळा, कधी दहा. संध्याकाळी बारीक ताप. मग पंधरा दिवस काहीच नाही, जसा काही आजार आपल्या सासुरवाडीला गेलाय. आणि सोळाव्या दिवशी पुन्हा ओसरीवर हजर.

गावाला खबर लागली, आणि समाचाराला माणसं येऊ लागली.

समाचाराची रीत इथं थोडी समजावून सांगायला हवी. आजाऱ्याकडे हात हलवत जायचं नाही, असा माजिवड्याचा जुना दंडक. पूर्वी लोक केळी नेत, नारळ नेत, घरची शेरभर साखर नेत. पुढं रेशनिंग आलं. साखर कार्डावर गेली, तांदूळ कार्डावर गेला, आणि हातात न्यायचं काय असा पेच पडला. त्यावर गावानं तोड काढली की प्रत्येकानं एकेक उपाय न्यावा. तो कार्डावर नव्हता, मापात कमी भरत नव्हता आणि घरी कितीही दिला तरी शिल्लकच राहत होता. रेशनिंग पुढं उठलं. उपाय राहिले.

दंडकाचं दुसरं कलम असं, की उपाय देणाऱ्यानं आठव्या दिवशी परत येऊन गुण आला का ते विचारायचं. तिसरं कलम कुठं लिहिलेलं नाही, पण पहिली दोन त्याच्यावर उभी आहेत. विचारलं की आजाऱ्यानं म्हणायचं, "उतार आहे." चांगल्या घरचा माणूस दुसरं काही म्हणत नाही. समोरच्यानं आपलं काम टाकून यायचं, आणि आपण त्याला तोंडावर "नाही" म्हणायचं, हे बरं दिसत नाही.

महिपतला एकूण त्रेपन्न उपाय झाले. एरंडेल झालं, बेलफळाचा मुरंबा झाला, कुड्याची साल, डाळिंबाची साल, उगाळलेलं जायफळ झालं. पोटावर तांब्या बसवून झाला. बायजामावशीनं (ही महिपतच्या आईची बहीण, आणि उपायांत गावात वडीलधारी) खेकड्याचं कालवण सात दिवस घातलं, कारण खेकडा आडवा चालतो आणि पीळही आडवाच होता. तिघांनी ताक प्यायला सांगितलं, दोघांनी ताक बंद करायला सांगितलं. महिपत सकाळी ताक पिई आणि दुपारी बंद करी. त्याची बायको शेवंती हे सगळं उकळून, कुटून, गाळून देई आणि काही बोलत नसे. तिला फार विचारलं तर म्हणे, "मना काय, मी चूल हाय."

गावच्या शाळेचे पंढरी मास्तर व्यवस्थित माणूस. त्यांनी या सगळ्याची वही घातली होती. रकाने तीन: उपाय, देणाराचं नाव, गुण. तिसऱ्या रकान्यात त्रेपन्न ओळींपुढं एकच शेरा आहे, "उतार आहे". म्हणजे माजिवड्यात त्या काळात त्रेपन्न उपाय झाले आणि त्रेपन्नही लागू पडले. अशी यशाची टक्केवारी परदेशातसुद्धा आढळत नाही. महिपतचं वजन तेवढ्या अवधीत सव्वीस रत्तल घटलं, पण वजनाचा रकाना वहीत नव्हता.

शेवटी शेवंतीनं त्याला ठाण्याला डॉक्टर टिपणिसांकडे नेलं. टिपणिसांचा स्टेशनाजवळ दवाखाना, आणि आठवड्यातले तीन दिवस ते मुंबईला इस्पितळात ऑपरेशनं करीत. त्यांनी पोट दाबलं, ताप पाहिला, आणि त्या काळी अशा पोटाला कोणीही डॉक्टर म्हणाला असता तेच म्हणाले: आतड्याचा क्षय असावा. एक दिवसाआड इंजेक्शनं सुरू झाली. दर आठवड्याला ते विचारीत, "कसं वाटतंय महिपतराव?" आणि महिपत म्हणे, "उतार हाय."

डॉक्टर बिचारे ठाण्याचे. त्यांना माजिवड्याचा दंडक ठाऊक नव्हता. त्यांनी कागदावर लिहिलं, उतार आहे, इंजेक्शनं चालू ठेवा. इतक्या लांबून येऊन हा माणूस आपल्याला सुई टोचतो, त्याचं मन कसं मोडायचं, म्हणून महिपत पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच म्हणे. (लांबून महिपत येत होता. पण भिडेला दिशा नसते.) अशी नव्वद इंजेक्शनं झाली. एके दिवशी डॉक्टरांनी त्याला सहज काट्यावर उभं केलं, काट्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, आणि काटा बिघडला असेल म्हणून स्वतः उभे राहून पाहिलं. काटा बरोबर होता.

मग तपासण्या झाल्या. रक्त, थुंकी, आणि ती तिसरी, जिच्यासाठी महिपतला काडेपेटी घेऊन टांग्यात बसावं लागलं आणि ज्या प्रवासात त्यानं कुणाला विडी शिलगवायला दिली नाही. शेवटी मुंबईला नेऊन त्याला पेलाभर पांढरं, खडूसारखं पाणी पाजलं आणि दर थोड्या वेळानं पोटाचे फोटो काढले. क्षयाचा जंतू कुठंच सापडला नाही. फोटोत मात्र एक गोष्ट स्पष्ट होती. लहान आतडं जिथं संपतं, तिथला वीतभर भाग सुतळीएवढा बारीक झाला होता.

डॉक्टरांनी कागदाच्या पाठीवर पेन्सिलीनं त्याचं चित्र काढून दाखवलं. महिपत बराच वेळ बघत राहिला.

"ह्यो तं चर हाय," तो म्हणाला. "गाळ धरून काठ सुजला का आमचा चर असाच होतो. पानी मागं फुगतं."

"मग तुम्ही काय करता?"

"त्येवढा सोडून देतो. बाजूनं नवा काढून फुडं जोडतो."

डॉक्टरांनी पेन्सिल खाली ठेवली. "मी जे ऑपरेशन सांगणार आहे ते हेच. मला समजवायला अर्धा तास लागला असता."

या आजाराला अमेरिकेतल्या एका डॉक्टरचं, क्रोनचं, नाव दिलेलं आहे, असं त्यांनी सांगितलं. हा कशानं होतो, असं महिपतनं विचारलं. डॉक्टर म्हणाले, "माहीत नाही." कायमचा बरा कशानं होतो? तेही माहीत नाही. ऑपरेशन करता येईल, पण काही वर्षांनी तो दुसऱ्या जागी पुन्हा उगवू शकतो. किंवा हलकं खाऊन, विश्रांती घेऊन वाट पाहता येईल. परदेशात सूज उतरवणारं एक नवं औषध निघालंय, पण ते इथं मिळणं कठीण, आणि थांबवलं की सूज परत येते. इंजेक्शनांचा मात्र उपयोग नाही, ती बंद. "मला ऑपरेशन बरं वाटतं. पण पोट तुमचं आहे, ठरवायचं तुम्ही. एवढं लक्षात ठेवा, पोट फुगलं, वारा सरायचा थांबला, हिरवी उलटी झाली, की विचार करत बसू नका. त्याच पावली या. उशीर केला तर आतडं फुटेल आणि मग मीही काही करू शकणार नाही."

त्रेपन्न जाणकारांनंतर महिपतला भेटलेला हा पहिला माणूस, ज्याला काही माहीत नव्हतं. त्याला फार बरं वाटलं. टांग्यात बसल्यावर तो शेवंतीला म्हणाला की कापून घेऊ. ती म्हणाली, घेऊ.

एवढ्यावर हे प्रकरण संपलं असतं, पण फोटोची फिल्म घरी आली होती. ती गावभर फिरली. लोकांनी ती उन्हात धरून पाहिली. बायजामावशीला तिच्यात बाहेरची बाधा दिसली, मिठागरावरच्या दगडूला घोडबंदरपासूनची खाडी दिसली. गावचे पोलिसपाटील गुणाजीबाबा यांनी ती उलटी धरून सगळ्यांत जास्त वेळ पाहिली आणि विचारलं की हा क्रोन कोण. आजार जर क्रोनच्या नावावर आहे, तर तो महिपत का भोगतोय? कुळकायदा नुकताच झाला होता. त्या न्यायानं जो भोगतो त्याच्या नावावर आजार चढला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं पडलं. (याबाबत अर्ज करायचं ठरलं होतं. कुणाकडे करायचा ते कळेना, म्हणून राहिला.)

पण गावाला खरा धक्का बसला तो "ठरवायचं तुम्ही" या शब्दांचा. ज्या डॉक्टरला रोग कशानं होतो ते माहीत नाही, तो निकाल रोग्यावर सोपवतो, आणि रोगी तर भिडस्त. म्हणजे ठरवायला जबाबदार असं कोणीच नाही. देवळापुढं सभा भरली. महिपतला पुढं बसवलं होतं, कारण सभा त्याच्याविषयी होती. त्याला कापून घ्यायचंय, असं त्यानं दोनदा सांगितलं. पण ते इतक्या हळू सांगितलं की सभेनं ते प्रास्ताविक समजून सोडून दिलं.

पंढरी मास्तर १९५२च्या निवडणुकीत मतदानाच्या कामावर होते आणि अजून पुरते त्यातून बाहेर आले नव्हते. त्यांनी सुचवलं की स्वतंत्र देशात असे प्रश्न गुप्त मतदानानं सुटतात. निवडणुकीत असे तशी, प्रत्येक उमेदवाराची चिन्ह चिकटवलेली वेगळी पेटी. पेट्या नव्हत्या म्हणून रॉकेलचे चार डबे घेतले. काढ्याला खलबत्ता, नवसाला नारळ, इंजेक्शनाला सुई, ऑपरेशनाला कोयता. (इंजेक्शनं डॉक्टरनं बंद केली होती, हे कोणीतरी म्हणालं. मास्तरांनी सांगितलं की उमेदवारी मागे घ्यायची मुदत संपली.)

मतदारयादी नियमानुसार झाली. महिपतचं नाव वगळण्यात आलं, कारण पोट ही या प्रकरणात वादाची मिळकत असून तो त्यात हितसंबंधी होता. तसा माणूस निःपक्षपातीपणे मत देईल, असं समजणं त्याच्यावरच अन्याय करणारं होतं. शेवंतीचं नाव यादीत "महिपतची बायको" असं होतं. मोठ्या निवडणुकीत अशी नावं बाद झाली होती, म्हणून मास्तरांनी हेही बाद केलं. ती देवळाच्या पायरीवरून उठली नाही. "माजा नाव शेवंती हाय," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "लिवा मास्तर. आन् कोयता कोनचा त्यो दाखवा." मास्तरांना लिहावं लागलं. गुप्ततेचा भंग झाला म्हणून सभेनं खेद व्यक्त केला.

निकाल असा:

खलबत्ता, चौऱ्याहत्तर.
नारळ, एकोणसत्तर.
सुई, एकसष्ट.
कोयता, एक.
बाद, सहा. (पैकी एका चिठ्ठीत ओव्याची पुडी निघाली. ती महिपतला देण्यात आली.)

स्पष्ट बहुमत कोणालाच नव्हतं. त्यावर गुणाजीबाबांनी पहिल्या तिघांचं संयुक्त मंत्रिमंडळ बनवलं. सकाळी काढा, दुपारी नवसाच्या नारळाचं पाणी, आणि संध्याकाळी गावच्या एका माजी कंपाउंडरकडून सुई. सुईत काय होतं, हे खातं गुप्त राहिलं. महिपतला निकाल मान्य आहे ना, असं विचारण्यात आलं. एकूण दोनशे अकरा माणसांनी त्याच्यासाठी तिन्हीसांज मोडली होती. तो म्हणाला, "हाय."

पाच महिने मंत्रिमंडळ चाललं. दर आठवड्याला कामाचा आढावा होई. उतार होता.

मग चैत्राची अवस आली. मिठाचा भर होता, वाफे पांढरे फटक पडले होते, ओढायला दोन दिवस उरले होते. उधाणाचं पाणी आत आलं, आणि चराच्या शेवटच्या वळणावर अडलं. गाळ धरून तिथले काठ सुजले होते. मागं पाणी फुगायला लागलं. बांध फुटला असता तर सगळा हंगाम खाडीत गेला असता. माणसं फावडी घेऊन महिपतकडे बघत उभी राहिली. तो बांधावर पोट धरून बसला होता. त्याला सकाळपासून पाण्याचा घोट खाली उतरत नव्हता. तो बसल्या जागेवरून म्हणाला, "त्येवढा वळन सोडा. बाजूनं काढा न् फुडं जोडा."

अकरा माणसांनी घटकाभरात नवा चर काढला. कोणी सभा मागितली नाही. चराला काढा घालावा असं कोणी म्हणालं नाही. ज्या दगडूनं नारळाच्या डब्यात मत टाकलं होतं, त्याचंच फावडं सगळ्यांत पुढं होतं. पाणी सळसळत निघून गेलं. महिपत ते बघत राहिला. त्यानं आपल्या पोटावर हात ठेवला. ते पखालीसारखं तट्ट झालं होतं. मग तो बाजूला वाकला आणि त्याला उलटी झाली. हिरवी.

शेवंती डबा घेऊन आली होती. तिनं डबा तिथंच ठेवला आणि टांगा आणवला.

माजिवड्याहून ठाण्याचा दवाखाना दोन मैल. त्या दिवशी पावणेदोन तास लागले. कारण आजारी माणूस वाटेनं चालला असता त्याला न विचारता जाऊ देणं म्हणजे माणुसकी सोडणं, आणि माजिवड्यानं ती कधीच सोडलेली नाही. टांगा सात ठिकाणी थांबला. सातही ठिकाणी विचारणा झाली, आणि धनुष्यासारखा वाकलेला महिपत सातही वेळा म्हणाला, "उतार हाय." पाचव्या थांब्यावर मुरंब्याची बरणी आत आली. सातव्या थांब्यावर गुणाजीबाबा होते. ते उतार ऐकून समाधानानं म्हणाले की मग एवढ्या घाईनं ठाण्याला कशाला जाता, संध्याकाळची सुई चुकेल. शेवंतीनं टांगेवाल्याच्या हातातून चाबूक घेतला. तो घोड्यावर पडला असं सांगतात. गुणाजीबाबांचा फेटा त्याच वेळी खाली कसा पडला, याबद्दल मास्तरांच्या वहीत नोंद नाही.

डॉक्टर टिपणीस हात धुऊन आले. टेबलावर महिपत, डॉक्टरांच्या हातात त्याचा जुना कागद. त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "कसं वाटतंय?"

महिपतचं तोंड आपसूक उघडलं. "उता..."

"तुमच्या पाया परते," शेवंती म्हणाली. ती डॉक्टरशी बोलत नव्हती. तीन वर्षं कुटलेलं आणि गाळलेलं सगळं तिच्या आवाजात होतं. "एकदा तरी खरा बोला. एकदा. मंग गावाला काय सांगायचा तो सांगा."

चांगल्या घरचा माणूस होता तो. त्याला घाम फुटला होता, आणि तो सगळाच पोटामुळं नसावा.

"नाय," महिपत म्हणाला. "उतार नाय. आज नाय. तीन वर्सांत कवाच नव्हता."

डॉक्टरांनी कागद पाहिला. आठवड्यामागून आठवडा, वरपासून खालपर्यंत, त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, उतार आहे. त्यांनी पेन काढून सगळ्यावर एक तिरकी रेघ ओढली.

"इतक्या तपासण्या झाल्या," ते म्हणाले, "पण खरा रिपोर्ट हा पहिलाच."

त्याच दुपारी मोटारीत घालून त्यांनी त्याला मुंबईला नेलं आणि ऑपरेशन केलं. सुजलेला भाग सोडून दिला, बाजूनं वाट काढून पुढं जोडली. दोन तास उशीर झाला असता तर आतडं फुटलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. महिपत वाचला. महिन्यानं घरी आला तेव्हा गावानं त्याला वाजत गाजत आणला. काढा उशिरा लागू पडतो, असं खलबत्त्याच्या बाजूच्यांनी जाहीर केलं. नारळवाल्यांनी नवस फेडला. सुईवाल्यांचं म्हणणं होतं की ऑपरेशन म्हणजे तरी काय, मोठी सुईच. कोयत्याच्या बाजूची एकच होती. ती चुलीपाशी होती, आणि चुलीवर पेज होती.

दोन वर्षांनी पीळ परत आला, पहिल्याइतका नाही. येईल असं डॉक्टरांनी सांगितलं होतंच. महिपत हलकं खातो, वाईट दिवसांत पडून राहतो, बऱ्या दिवसांत मिठागरावर जातो, महिन्यातून एकदा ठाण्याला जाऊन जे असेल ते सांगतो. सगळं सुरळीत आहे. एकच दोष राहिलाय. त्या दिवशी दवाखान्यात त्याची जीभ जी मोकळी झाली, ती पुन्हा आवळली गेली नाही. आता वाटेत कोणी "कसा काय महिपत?" म्हटलं की तो खरंच सांगतो. सकाळपासून किती वेळा, कितीदा पातळ, रंग कोणता, पीळ कुठून निघून कुठं गेला. विचारणाऱ्याला अर्ध्यातच आपला बैल सुटल्याची आठवण होते. ऑपरेशनात डोक्याची एखादी शीर दुखावली असावी, असं गावाचं निदान आहे. मास्तरांच्या वहीनुसार १९५३ साली महिपतच्या समाचाराला आलेली माणसं दोनशे अकरा. १९५६ साली तीन, त्यांतला एक ठार बहिरा.

वहीत शेवटी काही पानं कोरी आहेत. इथवर वाचत आलात म्हणजे महिपतला नेमकं काय द्यायला हवं होतं, हे तुमच्या मनात केव्हाच येऊन गेलं असणार. माजिवड्याला जाऊन खुशाल सांगा, मास्तर लिहून घेतील. फक्त वाटेत महिपत भेटला तर जरा जपून. हल्ली तो उलट विचारतो, "तुमचा कसा काय?" आणि विचारून निघून जात नाही, उत्तर येईपर्यंत तोंडाकडे बघत उभा राहतो. तुमच्या नावापुढचा तिसरा रकाना मास्तरांनी तुम्ही यायच्या आधीच भरून ठेवलाय. अशा बाबतीत त्यांचा अंदाज आजवर चुकलेला नाही.

उतार आहे.